नाकाशी धरलेली वाटी

लिफ्टचं दार बंद झालं आणि सगळ्यांचे हात एकदम नाकाकडे गेले. मानसीने ओढणी धरली, समोरच्या घरातल्या जयंतीबेननी साडीचा पदर, नऊ वर्षांच्या गार्गीने तर दोन्ही तळहात, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या नव्या भाडेकरूने डब्याची पिशवीच तोंडासमोर आणली. उत्तराबाईंचा हात तेवढा पर्सच्या बंदावर राहिला. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा लिफ्ट खाली निघाली होती. मग त्यांनीही पदर नाकाला लावला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "शी, काय हे!" "मेलेला उंदीर आहे," जयंतीबेन पदराआडून म्हणाल्या. "कालपासून सांगते सेक्रेटरीला. म्हणतो, फिनाइल मारलंय. अरे, फिनाइल मारून उंदीर उठून जाणार आहे का?" मानसी हसली, भाडेकरूही हसला. गार्गी हसली नाही. ती आजीकडे बघत होती. आजीच्या तोंडाकडे नाही, पदर धरलेल्या हाताकडे.

त्या उशिराची उत्तराबाईंना फार जुनी ओळख होती. भांडुपच्या शाळेत त्या दुसरीला शिकवायच्या तेव्हा त्यांच्या वर्गात चंद्रप्रकाश नावाचा एक मुलगा होता. अक्षर गोल, टपोरं; वह्या स्वच्छ. 'उभे राहा' म्हटलं की उभा राहायचा, 'पाटी वर' म्हटलं की पाटी वर करायचा, पण सगळा वर्ग उभा राहिल्यावर, सगळ्यांच्या पाट्या वर गेल्यावर. इतर मुलं हसली की हसायचा, आणि हसताना त्याचे डोळे शेजारच्याच्या तोंडावर असायचे. दुसऱ्या बाईंना तो आळशी वाटे. उत्तराबाईंनी एके दिवशी त्याच्या मागे उभं राहून अगदी हलक्या आवाजात त्याला हाक मारली. मान वळली नाही. तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं ते हे, की ऐकू येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून हा एवढासा जीव दिवसभर किती राबत असेल! पुढे त्याच्या आईला समजावणं झालं, कानाला यंत्र लागलं. यंत्र लावून आला त्या दिवशी पंख्याच्या आवाजानेच तो रडायला लागला आणि मग कितीतरी दिवस बाईंशी बोलला नाही. बाईंनी वाट बघितली. मुलांची वाट बघणं त्यांना जमायचं. आता लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांना वाटलं, सगळ्यांच्या मागून हात वर करणाऱ्याची मान किती दुखत असेल हे आपल्याला त्या वेळी खरं तर काहीच कळलं नव्हतं.

बाहेर शनिवारचं दुपारचं ऊन होतं. मुलुंडचा तो पूर्वेकडचा रस्ता सुट्टीच्या दिवशी जरा रुंद वाटायचा. मानसी पुढे, जयंतीबेन तिच्याबरोबर, मागे आजी आणि नात. "आई, सावकाश. टेबल सांगून ठेवलंय मी," मानसी मागे वळून म्हणाली. ती आज खुशीत होती. इतके दिवस ती निम्मा आठवडा घरून काम करायची; सोमवारपासून रोज ऑफिसला जायचं होतं, पण बढतीवर. मिहिर, तिचा नवरा आणि उत्तराबाईंचा मुलगा, महिन्यातला बराच काळ कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी. तेव्हा दुपारी शाळा सुटून आलेली गार्गी, तिचा खाऊ, तिचा अभ्यास आणि रात्री मानसी येईपर्यंतचं घर हे सगळं सोमवारपासून उत्तराबाईंचं. सोसायटीतली आणखी चार-पाच मुलं संध्याकाळी त्यांच्याकडे अभ्यासाला यायची, तीही होतीच. पाळणाघराबद्दल मिहिरने एकदा विचारलं होतं, तेव्हा मानसीच म्हणाली होती, "आई असताना पाळणाघर कशाला?" आजचं जेवण त्या बढतीचंच होतं. समोरच्या दारातल्या म्हणून जयंतीबेनना बोलावलेलं. 'काही लागलं तर त्या आहेत' असं मानसीने दोघींच्या समोरच म्हणून ठेवलं होतं.

उत्तराबाईंना वास येत नव्हता. दिवाळीनंतर ताप आला, सर्दी झाली, सर्दी गेली आणि वास परत आला नाही. एका सकाळी त्यांनी फोडणीत हिंग टाकला, तेल तडतडलं, हिंग फुलला, आणि त्यापुढे काहीच झालं नाही. डबी बदलली असेल म्हणून त्यांनी हिंगाची डबी नाकाशी धरली. मग लसूण ठेचला. मग देवघरातला कापूर. मग, घरात कुणी नसताना, बाथरूममधली फिनाइलची बाटली उघडली. प्रत्येक वेळी आत हवा गेली, गार हवा, आणि बाहेर आली. जिभेला खारट कळायचं, आंबट कळायचं, तिखट झोंबायचं. पण आमटी ही आमटी आहे आणि सांबार हे सांबार, हे डोळे मिटल्यावर सांगता येत नव्हतं. त्या एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तो मुलगाच होता, तिशीचा. म्हणाला, "आजी, कधी कधी परत येतो. सराव करायचा. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी, एकेक करून हुंगायचं आणि आठवायचं." त्यांना गृहपाठ मिळाल्यासारखं वाटलं होतं. निघताना तो म्हणाला, "घरात सांगून ठेवा मात्र. गॅस असतो, काही करपतं." त्यांनी मान हलवली होती. गृहपाठ त्या नेमाने करत होत्या. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

राहिलं होतं असं तरी कसं म्हणायचं? त्यांनी ते राहू दिलं होतं. मोठी नणंद मालनताई डोळ्यांसमोर होत्या. विलेपार्ल्याच्या घरात त्यांच्या हातून एकदा नळ चालू राहिला, पाणी हॉलमध्ये आलं. एकदाच. मग मुलाने सांगितलं, आई, तू आता बाथरूमचं दार लावू नकोस. मग किल्ल्या घेतल्या. मग स्वयंपाकाला बाई आली आणि मालनताई सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसल्या. कुणी वाईट वागलं नाही, सगळे प्रेमाने बोलायचे. भेटायला गेलं की त्या विचारायच्या, "उत्तरा, तुझ्याकडे अजून मुलं येतात?" आणि 'येतात' म्हटलं की बघत राहायच्या. त्या बघण्याची उत्तराबाईंना धास्ती होती; 'माझं मालनताईंसारखं व्हायला नको' असं त्या फोनवरही बोलून गेल्या होत्या. त्यांची मुलं स्वयंपाकघरातच बसायची. थालीपीठ कापून पाव, पाऊण शिकायचं, इडलीपात्राच्या खळग्यांवर पाढे म्हणायचे. स्वयंपाकघर गेलं की ती शाळाही गेली. म्हणून त्यांनी एकेक युक्ती बसवली. फोडणी डोळ्यांनी करायची, जिरं कितपत लाल झालं ते बघून. मासळी कल्ले उचलून घ्यायची. घरात शिरणारा कुणी नाक वर करून थांबला की आपणच आधी म्हणायचं, "छान वास सुटलाय ना?" आणि गॅसचं बटण जाता-येता बघायचं. आठवणीने बघायचं. हे सगळं करून रात्री अंथरुणावर पडलं की अंग ठणकायचं, जसं नुसतं लक्ष ठेवून ठणकतं.

"आजी, गिरणी आली," गार्गी म्हणाली. नाक्यावर हर्षदच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. म्हातारे गेले, गिरणी बंद पडली, आणि हर्षदने कुठल्या कुठल्या देशांतल्या हॉटेलांत काम करून परत येऊन तिथे हे व्हिएतनामी जेवणाचं दुकान काढलं. पाटीवरचं नाव सोसायटीत कुणालाच नीट म्हणता येत नव्हतं, त्यामुळे सगळे 'गिरणी'च म्हणायचे. 'काल आम्ही गिरणीत जेवलो.' उत्तराबाईंनी आत पाऊल टाकलं आणि सवयीने श्वास ओढला. गरम पिठाचा जो वास इथे असायचा, दळणाचा डबा परत घेताना पत्र्याच्या झाकणाखालून यायचा तो, त्याच्याबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. तो कोमट असायचा, किंचित गोडसर, ज्वारीचा वेगळा, गव्हाचा वेगळा. माहीत होतं, पण आठवत नव्हता. पाठ केलेली व्याख्या उरली होती. समोर सहा-सात लाकडी टेबलं, ठेंगणी स्टुलं, भिंतीवर गवती टोप्या, काउंटरवर काचेच्या बरण्या. बरण्यांत काय आहे ते त्यांनी पटकन बघून घेतलं. दालचिनीच्या काड्या. चक्रीफूल. काळी वेलची. बरण्या बघून घ्यायची त्यांना सवय झाली होती. गार्गीही तिकडेच बघत होती.

"आवो आवो, मावशी," हर्षद स्वतःच बाहेर आला. त्याच्या हातात पाल्याने भरलेली थाळी होती. "आमच्याकडे एक नियम आहे हां. पहिले नाक, मग तोंड. हे सूप प्यायचं ना, ते अर्धं तर वासानेच प्यायचं असतं." त्याने एक पान चुरगळून मानसीपुढे धरलं. मानसीने डोळे मिटले. "तुळस! पण आपली नाही, बडीशेप खाल्लेली तुळस." "झकास! आता तुम्ही, जयंतीमासी." जयंतीबेननी हुंगलं आणि म्हणाल्या, "आपल्या कुंडीतलीच लागते मला. ह्याचे किती घेणार तू?" सगळे हसले. पान उत्तराबाईंच्या समोर आलं. हर्षदच्या बोटांना हिरवा डाग पडला होता. त्यांनी पुढे वाकून श्वास घेतला. गार हवा. त्यांना एकदम आपल्याच वर्गातला तो तास आठवला, फडक्याच्या पुरचुंड्या करून त्या मुलांना डोळे मिटून हुंगायला द्यायच्या तो. ओवा, कापूर, खडूचा भुगा, सुकं आवळकाठीचं चूर्ण. ज्याला येत नसेल त्याने 'पुढे' म्हणायचं, हसायचं कुणी नाही, असा नियम होता. त्यांनीच केलेला. "मावशी?" हर्षद म्हणाला. "ह्याचं बरं आहे," उत्तराबाई म्हणाल्या, "पण मला तर आतल्या सुपाची दालचिनी आणि चक्रीफूलच जास्त येतंय. त्यापुढे हे काय टिकणार?" "क्या बात है!" हर्षदने थाळी टेबलावर ठेवली. "आतून ओळखलं! मावशींना सलाम." मानसीने अभिमानाने सगळीकडे बघितलं. उत्तराबाईंच्या मानेवरून घामाचा एक ओघळ पाठीत उतरला. ती बरोबर आल्याची भीती होती. चुकल्याची भीती त्यांना ओळखीची होती. ही नवीन होती.

जयंतीबेननी शाकाहारी रोल मागवले, मानसीने स्वतःसाठी आणि गार्गीसाठी कोंबडीचे, आणि सगळ्यांना सूप. उत्तराबाई शनिवार पाळायच्या, त्यांचं सूप भाज्यांचं. "माझं बिलकुल वेगळं हां, भाई," जयंतीबेननी वाढणाऱ्याला बजावलं. "भांडं वेगळं, चमचा वेगळा. आमच्यात चालत नाही." त्यांच्या घरात कांदासुद्धा चार महिने बंद असायचा, आयुष्यात एकदाही वेडंवाकडं तोंडात गेलं नाही हे त्या सहज सांगायच्या, आणि ते खरं होतं. तेवढ्यात मानसीचा फोन वाजला. "ऑफिस. सोमवारचंच आहे. आलेच मी, तुम्ही सुरू करा." ती बाहेर गेली. काचेतून ती दिसत होती, उन्हात एका हाताने डोळ्यांवर सावली धरून बोलत होती, हसत होती. उत्तराबाईंना तिचं हसणं बघवेना. ही मुलगी कधी मोकळेपणाने काही मागत नाही. आज तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही आपल्यावर विश्वास टाकून. सांगायचं असेल तर आत्ता, या आठवड्याच्या आत, असं त्यांनी काल रात्री ठरवलं होतं. सकाळी उठून ठरवलं होतं की जेवण झाल्यावर. आता त्या ठरवत होत्या की उद्या.

सुपाचे वाडगे आले, रोल आले. तांदळाच्या ओल्या पापडीत पाला आणि गाजराच्या काड्या गुंडाळलेल्या, पापडीतून सगळं आरपार दिसत होतं. वाढणाऱ्याने दोन बश्या ठेवल्या, मध्ये दोन छोट्या वाट्या ठेवल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे धावला. दोन्ही वाट्यांत तांबूस पाणी, वर मिरचीच्या चकत्या. गार्गीने बशी पुढे ओढली, पण रोल उचलला नाही. जयंतीबेननी आपला रोल उचलला, वाटीकडे नेला आणि थांबल्या. "उत्तराबेन, ह्यातली माझी कोणती?" दोन्ही वाट्या सारख्याच होत्या. "मागच्या वेळी माझ्या भाच्याने सांगितलं, ह्यांच्याकडे एक सॉस माशाचा असतो. मासे कुजवून करतात म्हणे. बाई गं!" त्यांनी हाक मारली, पण वाढणारा गर्दीत होता आणि हर्षद आत. "माझं नाक ह्यात काय कामाचं? मला मासा माहीतच नाही. तुम्ही खाता, तुम्हाला एका मिनिटात कळेल. घ्या, सांगा मला." आणि त्यांनी जवळची वाटी उचलून उत्तराबाईंच्या हातात दिली. "गार्गी बघेल," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच बारीक वाटला. "पोरीला काय कळतंय! तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं की मी डोळे मिटून खाईन."

त्यांनी वाटी नाकाशी धरली. गार हवा आत गेली. पाण्यावर मिरचीची एक चकती हळूहळू फिरत होती. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, खोल, जसा सकाळी लवंगेचा घ्यायच्या. आत कुठेतरी काहीतरी हलेल म्हणून वाट बघितली. लहानपणी मालवणात आजोळी दारात सुकत घातलेले बांगडे, त्यांच्यावरून उडणाऱ्या माश्या, आईचा खारवलेला हात, हे सगळं डोळ्यांसमोर आलं, अगदी स्पष्ट, आणि त्याच्याभोवती काचेची पेटी होती. चाखून बघावं? दोन्ही खारटच असणार, दोन्ही गोडसर. अंदाजाने सांगावं? 'हर्षदला विचारू' म्हणावं? हे सगळ्यात सोपं होतं, पण त्या आत्ताच सुपातली दालचिनी ओळखून बसल्या होत्या. जयंतीबेन त्यांच्याकडे बघत होत्या, हातातला रोल तसाच धरून, शांतपणे, एखादं मूल बाईंकडे बघतं तशा. साठ-पासष्ट वर्षं जपलेली एक गोष्ट त्यांनी इतक्या सहज दुसऱ्याच्या नाकावर सोपवली होती. उत्तराबाईंनी वाटी खाली करायला सुरुवात केली आणि त्यांना टेबलाखाली आपल्या गुडघ्यावर हात जाणवला.

गार्गीने नेमकं काय केलं ते वरून दिसलंही नसतं. ती वाटीच्या बाजूला थोडी झुकली, जणू मिरची बघायला. मग टेबलाखाली तिचं बोट आजीच्या गुडघ्यावर दोनदा डावी-उजवीकडे फिरलं. नाही. ही नाही. दोघींमध्ये अशी कुठलीही खूण कधी ठरलेली नव्हती, आणि तरी उत्तराबाईंना ती लगेच कळली. "ही नको," त्यांच्या तोंडून गेलं. "ह्यात मासा आहे. तुमची ती दुसरी." तेवढ्यात हर्षद कपाळावर हात मारत बाहेर आला. "सॉरी सॉरी, मासी! ह्या पोराने चमचे घातलेच नाहीत. हिरवा चमचा व्हेजचा असतो. ही तुमची, ती माशाची." तो बोट दाखवत होता, आणि ते बरोबर जुळत होतं. जयंतीबेननी हात जोडले. "वाचवलंत तुम्ही मला. आज माझं काय झालं असतं!"

उत्तराबाईंनी गार्गीकडे बघितलं. मुलगी आता आपल्या बशीकडे बघत होती, चेहरा कोरा. कुणी विचारलंच तर आपण काही केलेलं नाही असा चेहरा. हा चेहरा वर्गात त्यांनी शेकडो वेळा बघितला होता, शेजारच्याला उत्तर सांगून झाल्यावरचा, आणि त्या चेहऱ्यांवर त्या कधी रागावल्या नव्हत्या. पण त्यात थोडी मजा असायची, डोळ्यांच्या कोपऱ्यात. हिच्या डोळ्यांत मजा नव्हती. काम झाल्यावर माणसं हात पुसतात तशी ती फक्त बसली होती. हे पहिल्यांदा नव्हतं. उत्तराबाईंच्या मनात मागचे महिने भराभर उलटायला लागले. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच घेऊन ती आधी स्वयंपाकघरात यायची, त्यांना वाटायचं भूक लागली असेल. दूध पिण्याआधी पेल्यात नाक घालायची, मग म्हणायची, "आजी, हे नको, नवीन दे." त्यांना वाटायचं नखरे करते. मंगळवारी संध्याकाळी मुलं बसलेली असताना तिने उठून सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. "मला गरम होतंय," म्हणाली होती. थंडी होती. उत्तराबाईंनी खिडक्या पुन्हा लावायला सांगितल्या तेव्हा तिने ऐकलं नव्हतं, पहिल्यांदाच उलट बोलली होती, आणि आजीने सगळ्या मुलांसमोर तिला कोपऱ्यात बसवलं होतं. ती काहीच न सांगता कोपऱ्यात बसली होती.

"मंगळवारी," उत्तराबाई हलकेच म्हणाल्या, "खिडक्या का उघडल्यास गं?" गार्गीने मान वर केली नाही. "काही नाही." "गार्गी." "थोडासाच होता," ती म्हणाली. "बटण अर्धंच बंद होतं. मी केलं बंद. आता काही नाहीये ना." जयंतीबेनना काही कळलं नाही, त्या खात होत्या.

दार उघडून मानसी आत आली, उन्हाने लाल झालेली. "झालं! सोमवारी साडेनऊला रिपोर्ट करायचंय. अगं गार्गी, तू खाल्लं नाहीस काय अजून?" "मानसी, तुझ्या सासूबाईंचं नाक म्हणजे नाक!" जयंतीबेन म्हणाल्या. "माशाची वाटी अशी ओळखली. त्या नसत्या ना, तर आज माझा धर्म गेला होता." मानसी स्टुलावर बसता बसता हसली. "म्हणून तर मी इतकी निर्धास्त आहे, बेन. आई घरात असल्या की मला मागे वळून बघावं लागत नाही." गार्गीने आता आजीकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती. नको सांगूस, मी आहे ना, असं ती म्हणत होती, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडावर ते इतकं मोठं दिसत होतं की उत्तराबाईंना तिच्याकडे बघवेना. सोमवारपासून ही शाळेत बसेल आणि तिचं मन घरच्या बटणाशी असेल. संध्याकाळी पाढे म्हणताना ती मधूनच हवा हुंगेल. आणि ज्या दिवशी हिला सर्दी होईल, त्या दिवशी?

"मी नाही ओळखली," उत्तराबाई म्हणाल्या. "हिने ओळखली. मला वास येत नाही, मानसी. दिवाळीपासून येत नाही. दालचिनीही मी बरण्या बघून सांगितली." शेजारच्या टेबलावर कुणीतरी सूप ओढलं. "म्हणजे?" मानसी म्हणाली. "म्हणजे अजिबात?" "अजिबात." "आणि गॅस?" उत्तराबाईंनी उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यांनी दिलं. "मंगळवारी राहिला होता. अर्धा. मुलं होती घरात. हिने बंद केला, खिडक्या उघडल्या. आणि मी हिला शिक्षा केली." जयंतीबेनचा हात तोंडाजवळ थांबला. "आजी!" गार्गी एकदम मोठ्याने रडायला लागली. "तू का सांगितलंस? मी बघत होते ना! मी रोज बघत होते! आता मला पाळणाघरात टाकतील आणि तुला कुणी काही करू देणार नाही! तूच म्हणालीस, मालनआजीसारखं! तू फोनवर म्हणालीस!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. हर्षद दोन पावलं पुढे आला आणि मागे फिरला.

मानसीने मुलीला जवळ घेतलं नाही. ती उत्तराबाईंकडे बघत होती. "किती महिने झाले," ती म्हणाली, "मी तुम्हाला रोज विचारते, आई, बरं आहे ना? रोज." "हो." "तुम्ही मला परकी समजलात." "परकी नाही गं," उत्तराबाई म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना सुचेना. मुलांना त्या नेहमी पुढचा शब्द सुचवायच्या. आज त्यांनाच कुणी सुचवलं असतं तर बरं झालं असतं. "भीती वाटली," त्या शेवटी म्हणाल्या. "मुलं येणार नाहीत ह्याची." मानसीने ओठ घट्ट मिटले. ती रागावली होती, आणि तो राग आज संपणार नव्हता, उद्याही नाही, हे दिसत होतं. "सोमवारी मी जाणार," ती म्हणाली. "ऑफिसला मी नाही म्हणणार नाही. पण मी घरात नसताना गॅस पेटणार नाही. एकदाही नाही. खालचा व्हॉल्व्ह मी बंद करून जाईन. डबे करून ठेवेन. आणि तो वाजणारा अलार्म मिळतो, तो आजच बघते. मुलांचं... मुलांच्या आयांना आधी सांगायचं, मग बघू. तुम्ही सांगायचं. मी नाही." "मी सांगेन." "सगळ्यांना." "सगळ्यांना." जयंतीबेन खाली बघून म्हणाल्या, "दुपारी मी येऊन बसेन. मला काय काम असतं?" उत्तराबाईंना आतून काहीतरी निसटून गेल्यासारखं झालं. संध्याकाळची ती वेळ, पीठ मळताना मुलांचा गलका, तव्यावरचं पहिलं थालीपीठ कुणाला म्हणून होणारं भांडण. ते बहुधा गेलं. त्यांना मालनताईंचा सोफ्याचा कोपरा दिसला. मग त्यांनी स्टूल सरकवलं आणि त्या गार्गीच्या बाजूला बसल्या.

"इकडे बघ," त्या म्हणाल्या. गार्गीने बघितलं नाही. "मंगळवारी माझं चुकलं. तुला कोपऱ्यात बसवायला नको होतं. हे मी त्या मुलांसमोर पुन्हा म्हणेन, कारण त्यांच्यासमोर चुकलं होतं." हुंदका. "आणि आता बघायचं नाही. दूध, गॅस, काही नाही. ते मोठ्यांचं काम आहे. मला आधीच सांगायला हवं होतं. तू लहान आहेस." "मी लहान नाहीये," गार्गी नाक ओढत म्हणाली. "बरं, नाहीस. तरी नाही बघायचं." उत्तराबाईंनी तिच्या पाठीवर हातही ठेवला नाही, नुसत्या बसून राहिल्या. मग मानसीने रुमाल पुढे केला, न बोलता, आणि मुलीने तोंड पुसलं, नाक शिंकरलं.

सूप निवत आलं होतं. गार्गीने जेवायच्या काड्या उचलल्या, त्या जमेनात म्हणून खाली टाकल्या, चमचा घेतला, आणि मग वाडगाच दोन्ही हातांनी तोंडाला लावला. शेवया हनुवटीवरून ओघळल्या, फ्रॉकवर सांडल्या, ती ओढून ओढून खात राहिली, भुकेलं मूल खातं तशी, मान खाली घालून, टेबलावरच्या कुणाकडेही न बघता. "हळू," मानसी म्हणाली. "राहू दे," उत्तराबाई म्हणाल्या. दोघी तिच्याकडे बघत बसल्या.